मनिलाच्या धक्क्यावर

समुद्रावरची सफर म्हटली म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीच्या डोळ्यांपुढें उभी राही ती भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोंकणची आगबोट: डेकवर पसरलेल्या घोंगड्या, पत्र्याच्या ट्रंका, आंब्याच्या करंड्या आणि बोट लागल्यामुळें आडवीं झालेलीं माणसें. हल्लींच्या सुखवस्तु कुटुंबांस 'बोट' या शब्दानें आठवते ती निराळीच वस्तु. दहा-बारा मजल्यांची, तीन-चार हजार उतारूंना पोटांत घेणारी, पोहण्याचे तलाव, नाटकगृह, दुकानें आणि अर्धा डझन भोजनगृहें बरोबर घेऊन हिंडणारी ही क्रूझ बोट म्हणजे एक तरंगतें नगरच होय. सिंगापूर किंवा हाँगकाँग येथून निघून ती पूर्वेकडील समुद्रांत पंधरवडाभर फिरते, आणि वाटेंत एकेका बंदराला सकाळीं लागून सायंकाळीं सुटते. आमच्या परिचयाच्या घरांतूनही अलीकडे अशा सफरीचीं माहितीपत्रकें पाहावयास मिळतात. त्यांतील चित्रें मोठीं मोहक असतात. परंतु बोट ज्या बंदराला लागते, तेथील लोकांविषयीं त्यांत फारसें कांहीं नसतें. असलेंच तर नाचणाऱ्या मुलींचें एक चित्र, आणि हा देश हंसतमुख लोकांचा आहे अशा अर्थाचें एखादें वाक्य.

या लेखांत आम्ही अशा एकाच बंदराचा विचार करणार आहों. तें म्हणजे फिलिपाईन बेटांची राजधानी मनिला. विषय परदेशचा असला तरी वाचकांनीं, विशेषतः पालकांनीं, तो आपल्या घरापासून दूरचा समजूं नये अशी विनंती आहे. त्याचें कारण पुढें येईलच.

मनिला शहर एका मोठ्या आखाताच्या पूर्व कांठावर, पासिग नदीच्या मुखाशीं वसलें आहे. नदीच्या दक्षिणेस परदेशी प्रवासी बोटींचा धक्का. उत्तरेस माल चढविण्या-उतरविण्याचें बंदर आणि त्याला लागूनच तोंडो नांवाची दाट वस्ती. दक्षिणेकडील धक्क्यावर उतरलें कीं जवळच १९१२ सालीं उघडलेलें मनिला हॉटेल लागतें. त्याच्या पलीकडे रिझाल उद्यान, आणि डाव्या हातास स्पॅनिश लोकांनीं तटबंदी करून बांधलेली जुनी नगरी, इंत्रामुरोस. उतारूंना येथें साधारणतः आठ-दहा तास मिळतात. बोटीवरच ठरविलेली वातानुकूलित मोटार त्यांना घेऊन निघते. प्रथम फोर्ट सांतियागो, जेथें होसे रिझाल या कवीला व नेत्रवैद्याला आयुष्याचे शेवटचे दिवस कैदेंत काढावे लागले. मग सान आगुस्तीनचें प्रार्थनामंदिर, जें १६०७ सालीं पुरें झालें आणि १९४५ च्या भयंकर लढाईंतही उभें राहिलें. मग ३० डिसेंबर १८९६ रोजीं ज्या मैदानांत रिझालला गोळ्या घातल्या तें उद्यान. मग दुसऱ्या महायुद्धांत पडलेल्या सतरा हजारांवर सैनिकांची शांत, हिरवीगार स्मशानभूमि. आणि अखेर आखाताच्या कांठचा एखादा अवाढव्य मॉल. यांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. रिझालचें चरित्र तर आमच्या मुलांनीं अवश्य वाचावें; पस्तीस वर्षांच्या आयुष्यांत या मनुष्यानें काय काय केलें तें वाचून आळशास लाज वाटेल. परंतु ही मोटार नदीचा पूल ओलांडून उत्तरेस वळत नाहीं.

तोंडो ही कांहीं कालपरवां उठलेली झोपडपट्टी नव्हे. स्पॅनिश लोकांनीं १५७१ सालीं मनिला घेतली, त्यापूर्वीं कित्येक शतकें तेथें तोंडोची सत्ता नांदत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लागुना प्रांतांत एका नदीच्या वाळूंत एक तांब्याचा पत्रा सांपडला, त्यावर तोंडोचा उल्लेख आहे. आम्हां महाराष्ट्रीयांना मौज वाटेल ती ही कीं, त्या पत्र्यावर काळ दिला आहे तो शके ८२२, वैशाख मास असा. ज्या शकानें आमचें पंचांग चालतें, तोच शक अकराशें वर्षांपूर्वीं त्या बेटांत लिहिला जात होता. आणि लेखाचा विषय काय? एका मनुष्याचें सोन्याचें कर्ज माफ झालें असून तो व त्याचीं मुलेंबाळें ऋणमुक्त झालीं आहेत, असा दाखला! फिलिपाईन बेटांतील सर्वांत जुना म्हणून जो लेख आज ठाऊक आहे, तो राजाच्या पराक्रमाचा नसून कर्जाच्या पावतीचा आहे. पुढें याच तोंडोंत १८६३ सालीं आंद्रेस बोनिफासियो जन्मला, आणि १८९२ सालीं त्यानें स्पेनविरुद्ध कातिपुनान ही गुप्त संघटना उभारली. एवढ्या इतिहासाच्या भूमीवर आज जें दिसतें तें लिहितांना लेखणी अडखळते.

२०२० च्या खानेसुमारींत मनिला शहराची वस्ती १८ लक्ष ४६ हजारांवर भरली, आणि शहराचें क्षेत्र सुमारें ४३ चौरस किलोमीटर. अशी दाटी जगांतील फार थोड्या शहरांत असेल. तोंडोच्या उत्तरेकडील भागांत चाळीस वर्षांहून अधिक काळ साऱ्या शहराचा कचरा टाकला जात होता. तो साचून वीस लक्ष टनांचा डोंगर झाला. कुजणाऱ्या कचऱ्यांतून आपोआप आग लागे व सदैव धूर निघे, म्हणून त्याचें नांवच 'स्मोकी माउंटन', धुराचा डोंगर, असें पडलें. त्याच्या अंगाखांद्यावर हजारों कुटुंबें राहत होतीं. पत्रा, कांच, तार, प्लास्टिक वेंचावें आणि विकावें, हा त्यांचा उद्योग. १९९५ सालीं सरकारनें तो डोंगर बंद केला व तेथें चाळी उठविल्या. परंतु कचरा बंद झाला नव्हता, आणि त्यावर पोट भरणारेंही माणूस बंद झालें नव्हतें. कचरा शहराच्या ईशान्येस पायातास येथें जाऊं लागला. १० जुलै २००० रोजीं, मुसळधार पावसानंतर, पायातासचा डोंगर खालच्या झोंपड्यांवर कोसळला आणि दोनशेंहून अधिक माणसें त्याखालीं गाडलीं गेलीं. त्यानंतर कांहीं महिन्यांतच फिलिपाईन सरकारनें कचऱ्याच्या व्यवस्थेचा मोठा कायदा केला. पायातासचा उकिरडा मात्र कायमचा बंद व्हावयास २०१७ साल उजाडलें.

तोंडोंतील एका वस्तीस हॅपीलँड म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांस हें इंग्रजी नांव वाटेल, आणि कोणा थट्टेखोरानें तें ठेवलें असावें असेंही वाटेल. परंतु तें बिसाया भाषेंतील 'हापिलान' या शब्दाचें रूप असून त्याचा अर्थ उकिरडा असा सांगतात. या व अशा वस्त्यांत एक पदार्थ विकला जातो, त्यास 'पागपाग' असें नांव आहे. शहरांतील खाद्यगृहांत गिऱ्हाइकांनीं अर्धवट खाऊन टाकलेले कोंबडीचे तुकडे कचऱ्याच्या पिशव्यांतून निवडून काढतात, धुतात, मसाला लावून पुन्हां तळतात किंवा शिजवितात, आणि थोडथोडे करून विकतात. पागपाग या शब्दाचा अर्थ झटकणें. धूळ झटकून घेतलेलें तें पागपाग. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षांत घ्यावी. हें भीक मागून आणलेलें अन्न नव्हे. तें विकत घेतलेलें आहे. दिवसभर राबून मिळविलेल्या पैशांतून एखादी आई तें आपल्या मुलांसाठीं आणते, आणि निगुतीनें धुऊन शिजविते.

आतां बोटीकडे वळूं. बोटीवर अन्न दिवसभर मांडलेलें असतें. सकाळची न्याहारी, दुपारचें जेवण, चहा, रात्रीचें जेवण, आणि मध्यरात्रीं पुन्हां कांहींतरी. एकदां मांडलेलें अन्न ठराविक तासांनंतर टाकून दिलेंच पाहिजे, हा आरोग्याचा नियम आहे आणि तो योग्यही आहे. टाकलेल्या अन्नाचें काय करावें याविषयीं सागरप्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारांत स्वतंत्र कलमें आहेत. विशेष नियम लागू असलेले समुद्र सोडले तर इतरत्र, पंचवीस मिलिमीटरच्या चाळणींतून जाईल इतकें बारीक दळलेलें अन्न किनाऱ्यापासून तीन सागरी मैल दूर गेल्यावर समुद्रांत सोडतां येतें. न दळलेलें टाकावयाचें तर बारा मैल जावें लागतें. यांतील कोणताही नियम दुष्टपणानें केलेला नाहीं. समुद्र स्वच्छ राहावा, उतारू आजारी पडूं नयेत, परदेशी अन्नाबरोबर रोगजंतु किनाऱ्यावर उतरूं नयेत, असे सर्वांचे हेतु चांगलेच आहेत. आणि तरीही, एका बाजूस चांगलें अन्न यंत्रांत दळून समुद्रांत सोडलें जातें व दुसऱ्या बाजूस कोणाचें तरी उष्टें धुऊन विकलें जातें, आणि मध्यें अंतर असतें थोड्या मैलांचें. हें ज्याला खटकत नाहीं, त्याच्याशीं वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं.

परंतु ज्याला खटकतें त्यानें करावें काय? येथेंच मतभेद सुरू होतात.

पहिला मार्ग न पाहण्याचा. तो एकट्या उतारूंचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मनिलाच्या राज्यकर्त्यांनींच तो उत्तम प्रकारें चोखाळला आहे. १९७६ च्या ऑक्टोबरांत जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधि यांची वार्षिक सभा तेथें भरली. त्या वेळीं मार्कोस यांची राजवट होती. पाहुण्यांसाठीं एका दमांत डझनभर मोठीं हॉटेलें उभीं राहिलीं, आणि झोंपड्या कोठें पाडून, कोठें रस्त्याच्या कडेनें भिंती घालून दृष्टीआड करण्यांत आल्या. मार्कोस १९८६ सालीं गेले. पुढें मे २०१२ मध्यें आशियाई विकास बँकेची सभा मनिलास भरली, तेव्हांही विमानतळाकडून येणाऱ्या रस्त्यावर एका झोपडपट्टीपुढें आडोसा उभारला गेला. दारिद्र्यनिवारण हेंच ज्या संस्थेचें काम, तिच्या पाहुण्यांना दारिद्र्य दिसूं नये म्हणून ही खटपट! शहरांत श्रीमंती नाहीं असेंही नाहीं. माकातीमधील फोर्ब्स पार्कसारख्या वसाहतींत भिंती, पहारे आणि हिरवळी आहेत, आणि तेथें राहणारे बहुतेक त्याच देशाचे आहेत. तेव्हां सर्व दोष क्रूझ बोटीच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें असलें तरी खरें नव्हे.

दुसरा मार्ग फार पाहण्याचा. अलीकडच्या वर्षांत कांहीं संस्था परकीय प्रवाशांना तोंडोच्या गल्ल्यांतून फिरवून आणूं लागल्या. आमच्या मुंबईंत धारावी दाखवितात तसेंच. याविषयीं आमच्या मंडळींत एकमत नाहीं. कित्येकांच्या मतें माणसांचें दारिद्र्य तिकीट लावून दाखविणें ही निव्वळ निर्लज्जता होय. आम्हांस मात्र तें इतकें सरसकट म्हणवत नाहीं. वाटाड्या त्याच वस्तींतला असेल, छायाचित्रें घेण्यास मनाई असेल, आणि पैसा वस्तींत राहत असेल, तर मोटारीच्या कांचेंतून पाहण्यापेक्षां पायीं चालत जाऊन बोलणें अधिक बरें. वाईट तें तिसरेंच: वरून कांहीं टाकणें. फिलिपाईन बेटांतील कांहीं बंदरांत बजाव या समुद्रावर जगणाऱ्या जमातीचीं मुलें होड्यांतून बोटीजवळ येतात, आणि उतारूंनीं पाण्यांत फेंकलेलीं नाणीं बुडी मारून काढतात. फेंकणाऱ्याला तो खेळ वाटतो. मूल हंसतें, म्हणून त्याचें मनही निर्मळ राहतें. ज्या विद्यार्थ्यांना पोहण्याची हौस आहे त्यांनीं कल्पना करावी कीं, बोटीच्या अंगाला लागून, तिच्या पंख्याजवळ, तेलकट पाण्यांत बुडी मारणें म्हणजे काय.

पाहणें आणि न पाहणें या वादांत एक गोष्ट राहूनच जाते, आणि ती सांगण्यासाठींच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. बोट इकडे आणि वस्ती तिकडे, अशीं हीं दोन जगें योगायोगानें एके ठिकाणीं आलेलीं आहेत, असें उतारूस वाटतें. तें तसें नाहीं. ज्या उतारूनें सकाळीं खिडकींतून मनिलाचा किनारा पाहिला, त्याची चादर घडी करणारा, त्याच्या पेल्यांत पाणी ओतणारा, त्याच्या मुलाला नांवानें हांक मारणारा मनुष्य बहुधा याच किनाऱ्यावरचा असतो. क्रूझ बोटींच्या नोकरवर्गांत सर्वांत मोठा भरणा फिलिपिनो लोकांचा आहे. तीन-चार हजार उतारूंमागें हजार-दीड हजार नोकर असतात. उतारूंच्या खोल्या वर, सज्ज्याच्या. नोकरांच्या खालीं, पाण्याच्या पातळीच्या आसपास, दोघां-चौघांत एक. बोटीवरील विलास हा त्यांच्या हातांनीं निर्माण होतो, आणि त्यांचे हात उपलब्ध होतात तें किनाऱ्यावर दुसरें काम नाहीं म्हणून. हें नवेंही नाहीं. १५६५ ते १८१५ अशीं अडीचशें वर्षें या बेटांहून रेशीम व मसाले भरून मोठमोठीं गलबतें मेक्सिकोस जात. तीं बांधण्यासाठीं रानांतून लांकूड तोडून ओढून आणण्याची वेठ तेथील रयतेवरच असे.

आज वेठ नाहीं, करार आहे. तो सहा ते दहा महिन्यांचा असतो. २००६ चा सागरी कामगार करार २० ऑगस्ट २०१३ पासून अंमलांत आला. तो अंमलांत येण्यास तीस देशांची संमति लागत होती, आणि तिसावी संमति फिलिपाईन सरकारचीच होती. त्या कराराप्रमाणें खलाशाला चोवीस तासांत निदान दहा तास, व आठवड्यांत निदान सत्त्याहत्तर तास विश्रांति मिळाली पाहिजे. गणित करणाऱ्या विद्यार्थ्याच्या लगेच ध्यानांत येईल कीं, याचा अर्थ नियम पाळूनही आठवड्यास एक्क्याण्णव तासांपर्यंत काम करून घेतां येतें. वेतनाविषयीं म्हणाल, तर कुशल खलाशाचें किमान मूळ वेतन आंतरराष्ट्रीय समितीनें २०२५ सालाकरितां महिना ६७३ डॉलर ठरविलें होतें. पण तो आकडा डेकवरील खलाशाचा. खोल्या झाडणाऱ्या व वाढणाऱ्या नोकराची भिस्त पुष्कळदां उतारूंच्या बक्षिसीवर असते. बोटीचा मालक एका देशाचा, तिची नोंदणी बहामा, पनामा किंवा बर्म्युडाची, गिऱ्हाईक तिसऱ्या देशाचें आणि नोकर चवथ्याचा. मग दाद कोठें मागावी हा प्रश्न उरतोच.

या पगारापैकीं निदान ऐंशीं टक्के मूळ वेतन घरीं पाठविलेंच पाहिजे, अशी फिलिपाईन सरकारच्या ठराविक करारांत अट आहे. २०२३ सालीं त्या देशांत परदेशस्थ लोकांनीं बँकांमार्फत तेहतीस अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली, त्यांतील साडेसहा अब्जांहून अधिक एकट्या खलाशी वर्गाची होती. म्हणजे बोट धक्क्याला लागली असतां उतारू एका दिवसांत टोप्या आणि शहाळीं यांवर जो खर्च करितात, त्यापेक्षां बोटीच्या पोटांतून त्या किनाऱ्यावर उतरणारा खरा पैसा हा आहे. त्यानें शाळांचे शुल्क भरले जातें, पत्र्याच्या जागीं सिमेंटचें छप्पर येतें. ज्या दिवशीं बोट मनिलास लागते, त्या दिवशीं नोकरांचीं बायकामुलें धक्क्यावर भेटीस येतात. उतारू आठ तास शहर पाहतात. हे लोक मिळेल तेवढा वेळ एकमेकांना पाहतात.

आणखी एक गोष्ट उतारूंना दाखविण्यासारखी आहे, आणि तिच्यासाठीं नदी ओलांडण्याचीही जरूर नाहीं. ज्या रिझाल उद्यानांत मोटार थांबते, त्याच्याच कडेस कालाव नांवाच्या रस्त्यावर खलाशांचा बाजार वर्षानुवर्षें भरत आला आहे. झाडांच्या सावलींत नोकरीच्या शोधांत आलेले तरुण हातांत कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन उभे असतात, आणि भरती करणाऱ्या संस्थांचे लोक कोणत्या जागा आहेत त्या फलकांवर लिहून मांडतात. बोटीवर पहिली जागा मिळावी म्हणून कित्येक तरुण या संस्थांच्या कचेऱ्यांतून महिनोन्महिने बिनपगारी हरकाम्या म्हणून राबतात: चहा आणणें, लाद्या पुसणें, मालकाचीं खासगी कामें करणें. जागा मिळेलच याची शाश्वति नसते. तोंडोपासून डेकपर्यंत जो जिना आहे त्याची ही खालची पायरी.

कोणी म्हणेल, विलास पाप आहे. या बोटी बंदच व्हाव्यात. २०२० सालीं त्या बंद झाल्या होत्या. महामारीमुळें उतारू घरोघरीं पोंचले, आणि त्या वर्षीं मे-जूनमध्यें वीसांहून अधिक क्रूझ बोटी मनिलाच्या आखातांत नांगरून पडल्या. त्यांत एकही उतारू नव्हता. होते ते नोकर. त्यांतील हजारों फिलिपिनो तपासणीचा निकाल व उतरण्याची परवानगी यांची वाट पाहत आठवडेच्या आठवडे बोटींत राहिले. रात्रीं किनाऱ्यावर त्यांच्याच शहराचे दिवे दिसत. पगार बहुतेकांचे थांबले होते, आणि पगार थांबल्यावर किनाऱ्यावरच्या घरांत काय झालें तें निराळें सांगावयास नको. म्हणून बोटी बंद करा असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्यांना जावयाचें त्यांनीं सफरीस जावें, पोहावें, जेवावें. परंतु तिकिटाची किंमत पाहतांना तींत नोकराच्या वेतनाचा भाग किती, त्याला रजा किती, आजारी पडल्यास पाहणारा कोण, हें विचारण्याची लाज वाटूं देऊं नये. दया दाखविणें उतारूच्या मर्जीवर अवलंबून असतें; वेतन मर्जीवर सोडण्याची गोष्ट नव्हे. फिलिपाईन सरकारनें सप्टेंबर २०२४ मध्यें खलाशांच्या हक्कांची सनद म्हणून एक सविस्तर कायदा मंजूर केला, तोही वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर.

आणि आतां आपल्या घराविषयीं. वाफेच्या बोटींच्या काळीं पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर वाढपी व बटलर गोंवेकर असत, आणि रत्नागिरीकडील खलाशी इतर कितीतरी जहाजांवर असत. त्यांचें वेतन त्याच जहाजावरील युरोपीय खलाशाच्या मानानें फारच थोडें असे. जहाज मिळेपर्यंत गोंवेकरांनीं मुंबईंत राहावें कोठें, म्हणून धोबीतलावाच्या आसपास गांवोगांवच्या 'कुडी' निघाल्या. आज आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील, भाऊ किंवा काका क्रूझ बोटीवर आहेत, आणि एप्रिल २०२० मध्यें मुंबईच्या बंदराबाहेर, घर डोळ्यांसमोर असतां उतरतां न आलेल्या नोकरांत आमचीं माणसेंही होतीं. मनिलाची हकीकत वाचून ज्यांना 'अरेरे' म्हणावेंसें वाटलें असेल, त्यांच्यापैकीं कांहींच्या घरांत या क्षणीं अशाच नोकरीच्या अर्जाचा कागद टेबलावर असेल. दहावी-बारावी झालेल्या मुलाला बोटीवर पाठवावें कीं नाहीं, हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. कष्टाची असली तरी ती प्रामाणिक नोकरी आहे, आणि आम्ही तीस नांवें ठेवीत नाहीं.

पण जागा मिळवून देतों म्हणून लाखाच्या रकमा मागणारे दलाल आमच्याकडेही आहेत, आणि दागिने गहाण ठेवून त्या भरणारे आईबापही आहेत. पहिल्या कराराचे सारे महिने मग तें कर्ज फेडण्यांतच जातात. सागरी कामगार करार भारतानें ऑक्टोबर २०१५ मध्यें मान्य केला आहे. त्याप्रमाणें नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. त्यानें भरावयाचा खर्च म्हणजे वैद्यकीय दाखला, खलाशी म्हणून नोंदणीचें पुस्तक आणि पासपोर्ट, एवढाच. व्हिसाचा खर्च मालकाचा. भरती करणाऱ्या संस्थेजवळ नौवहन महासंचालनालयाचा परवाना असला पाहिजे. त्या परवान्याचा क्रमांक मागून घ्यावा, आणि तो महासंचालनालयाच्या यादींत आहे कीं नाहीं तें अर्जावर सही करण्यापूर्वीं पाहून घ्यावें.